वहिनींनी धरून ठेवलेला नारळ

आमच्या घरात गूळ कधी संपला नाही. पाऊस संपला, विहीर संपली, कडबा संपला, दादांचा धीर तर दर उन्हाळ्यात संपायचा. पण माळवदाच्या खोलीत गुळाच्या ढेपा कायम एकावर एक. एखादा परका माणूस डोकावला असता तर त्याला वाटलं असतं, ह्यांच्या घरी लग्न निघालंय. ही सगळी व्यवस्था सुमनवहिनींची. माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची बायको.

आमच्या खानदानातल्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही. शेतीत माझा उपयोग नाही हे लवकर लक्षात आल्यावर घरच्यांनी मला बोलायला मोकळं सोडलं, आणि पुढे गावच्याच हायस्कुलात इतिहास शिकवायला लागल्यावर तर त्यावर शिक्काच बसला. लग्नकार्यात लेकरं दंगा करायला लागली की मला त्यांच्यात बसवतात. मी वाढवून सांगतो हे सगळ्यांना माहीत आहे. वहिनींची गोष्ट मात्र मला वाढवता येत नाही. आहे तेवढीच माझ्या आवाक्याबाहेरची आहे.

वहिनी धारूरच्या डोंगरातल्या एका वस्तीवरून आमच्या घाटाखालच्या गावात आल्या, तेव्हा मी कॉलेजात नापास होत होतो. अंगानं काटक, बोलणं कमी, कामाला वाघ. चार-सहा महिन्यांत आईनं त्यांच्यावर घर टाकलं. मग एकदा पाहुणे आले, चहाला गूळ नव्हता. आई म्हणाली, "सुमन, जा गं, दुकानातून एवढा गूळ घिऊन ये."

वहिनी पदर सारखा करून गेल्या. दुकान गल्लीच्या टोकाला, कोपऱ्यासमोर. मी ओसरीवर अभ्यासाचं पुस्तक आडवं धरून बसलेलो, म्हणून मला दिसलं. वहिनी कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तोंड दुकानाकडे नाही, आमच्या दाराकडे. कुणीतरी ते दार पळवून नेईल अशा नजरेनं त्या बघत होत्या. थोड्या वेळानं रिकाम्या हातानं परत आल्या.

"दुकान बंद हाय."

आईनं मान लांबवून पाहिलं. "बंद हाय? मग त्यो दुकानदार वट्यावर देव म्हणून बसलाय व्हय?"

पाहुणे हसले. मी तर मोठ्यानं हसलो; पाहुण्यांदेखत हसायला मिळालं की मी सोडत नसे. वहिनी खाली मान घालून चुलीपुढं बसल्या. त्या दिवसापासून घरात गूळ, मीठ, काड्यापेटी काहीच संपलं नाही. संपायच्या आत दादांना सांगून आणवलेलं असायचं. वहिनींना दुकानाला पाठवायची वेळच येऊ नये, असा तो बंदोबस्त होता. आई म्हणायची, "पाटलीनबाई हाय आमची. दुकानाला जात न्हाई."

त्यांची दुसरी खोड म्हणजे हजेरी. घरातला कुणीही उंबऱ्याबाहेर पडला की मागून आवाज यायचा, "कुठं निघालात? कवा येनार?" दादा गोठ्यात निघाले तरी. दादांचे मित्र म्हणायचे, "बे, तुझ्यापरीस कैदी बरा." आणि स्वतः जाताना वहिनी ज्याला त्याला सांगायच्या. म्हशीलासुद्धा. "पानी आनायला चालले गं, आले हं," असं म्हशीच्या कपाळाला हात लावून सांगताना मी त्यांना ऐकलंय. म्हैस रवंथ करत राहायची. आमच्या घरात वहिनींचं बोलणं इतकं मनापासून ऐकणारी तेव्हा ती एकटीच होती.

एकदा त्यांना टायफॉइड झाला, तो आम्हाला भाकरीवरून कळला. आईनं त्यांच्या हातून ताट घेताना बोटं लागली, आणि आई ओरडली, "अगं बया, भाकरीपरीस सूनच गरम!" धारूरला नेलं. डॉक्टरनं विचारलं, कधीपासून ताप? वहिनी म्हणाल्या, "हाय थोडा." आठवडा झाला होता अंगावर काढून. दादा चिडले, "सांगायचं न्हाई व्हय?" वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यात रुसवा नव्हता, सोशिकपणाचा तोराही नव्हता. खरंच न कळल्यासारखं त्या म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात?" आजारपण ही दुसऱ्याला सांगायची गोष्ट असते, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट ट्रकची. दसरा सरला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या ट्रकमध्ये भरून कारखान्यांकडे, कुणी कर्नाटकात. तो हॉर्न वेशीत वाजला की वहिनी परसात जाऊन भांडी घासायला बसत. घासलेलीच भांडी. हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. हात बर्फासारखे, ओठ पांढरे. दुपारपर्यंत तसंच. आईला वाटलं बाहेरचं आहे, देवऋषी आणला. आमची एक कोंबडी गेली, वहिनींत फरक पडला नाही.

अशा बाईला गावानं अध्यक्ष केलं.

झालं असं, की गावात महिलांची दूध संस्था निघाली. निघाली म्हणजे पुरुषांनी काढली आणि नावापुरत्या महिला शोधायला लागले. अध्यक्ष कोण, यावर पारावर खल चालला. प्रत्येकाची बायको हुशार होती आणि तीच अडचण होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, "मास्तरची वहिनी करा. कुनाला काय मागत न्हाई, कुनाला काय बोलत न्हाई." सहकारात असं माणूस म्हणजे सोनंच. वहिनींना विचारलं. त्या नको म्हणाल्या नाहीत, कारण नको म्हणणं म्हणजे आपल्याला काय वाटतं ते बोलून दाखवणं. ती सवय नव्हती.

पण डेअरी त्यांनी चालवली. सकाळ-संध्याकाळ स्वतः उभ्या राहून. शटर ओढायच्या आधी त्या गल्लीत येऊन दोन्ही बाजूंना हाक द्यायच्या, "बंद करतेय गं! कुनाचं दूध राह्यलंय का?" बायकांना ते इतकं आवडायचं की दूध घालून गेलेल्यासुद्धा घरातून ओ द्यायच्या. बघता बघता संस्थेचं नाव झालं, आणि वहिनींच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणायला लागले.

मग तो दुष्काळ आला. आमच्याकडे दुष्काळ पाहुणा नसतो, घरजावई असतो; पण त्या वर्षीचा वेगळा होता. पोळ्यानंतर आभाळाकडे बघणंच लोकांनी सोडलं. टँकर आला की म्हाताऱ्या बायकासुद्धा कळशी घेऊन पळायच्या. जनावरं छावणीत गेली. डेअरीच्या कॅनमध्ये दूध पडताना तळाचा आवाज यायला लागला. आणि ज्यांनी कधी कोयता धरला नव्हता, अशी घरंही टोळीत नावं द्यायला लागली. त्यांतलं एक आमच्या शेजारच्या बाळू आणि लताचं. त्यांची पिंकी तेव्हा अंगणवाडीतून नुकती पहिलीत गेलेली, अखंड बडबडी. तिला म्हाताऱ्या आजीपाशी ठेवून जायचं ठरलेलं.

रामकिसन मुकादम, टोळी नेणारा, आमच्या घरी आला. म्हणाला, "वैनी, ह्या साली नारळ तुमच्या हातानं. वरीस लई वंगाळ हाय. तुमच्या हाताला यश हाय."

दादांनी खुणेनं नको नको केलं. वहिनी म्हणाल्या, "येते."

ट्रक सुटण्याआधी कोयत्यांची पूजा होते, चाकाला हळदीकुंकू लागतं आणि चाकापुढं नारळ फुटतो. फुटल्याशिवाय ट्रक हलत नाही. आणि ज्याच्या हातात नारळ दिला त्यानंच तो फोडायचा. काढून दुसऱ्याला दिला तर वर्षभराचा अपशकुन. हे सगळं ठाऊक असलेली माणसं त्या सकाळी मारुतीच्या देवळापुढं जमली होती. मला आरतीचं ताट धरायचं काम होतं. वारा कुठून येतो याचा अंदाज न आल्यानं मी वात दोनदा विझवली आणि मुकादमानं ताट काढून घेतलं.

ट्रक गच्च भरलेला. वर पत्रे, चटया, पातेली, पाय बांधलेल्या कोंबड्या. इंजिन सुरू. वहिनींच्या हातात नारळ, आणि चेहरा परसातल्या त्या दिवसांसारखा पांढरा. मला वाटलं, आता ह्या नारळ टाकून घरी पळणार.

तेवढ्यात लतानं पिंकीच्या मुठीत नाणं दिलं. "जा माय, दुकानातून बिस्किटाचा पुडा घिऊन ये. तुला आवडतो त्यो."

पिंकी उड्या मारत गेली. बाळूनं तोंड फिरवलं. आमच्याकडे असंच करतात. रडणाऱ्या लेकराला बघून पाय निघत नाही, म्हणून त्याला कशाला तरी पाठवायचं, नाहीतर झोपवायचं, आणि तेवढ्यात निघायचं. ह्यात कुणाला काही वाईट वाटत नाही. माया आहे म्हणूनच तर करतात.

"हं, फोडा वैनी," मुकादम म्हणाला.

वहिनी हलल्या नाहीत. नारळ दोन्ही हातांत छातीशी धरलेला, आणि हात इतके थरथरत होते की नारळातलं पाणी डुचमळलेलं मला ऐकू आलं. बहुतेक हे मी वाढवून सांगतोय. पण तसं वाटलं खरं.

"पिंकी येऊ द्या," वहिनी म्हणाल्या.

"आं?"

"पोरगी दुकानातून येऊ द्या. मग फोडते."

"अवो, ती यायच्या आतच तर निगायचंय!" मुकादमाला वाटलं, वहिनींना रीत माहीत नाही. "ती आली की भोकाड पसरंल."

"पसरू द्या."

ड्रायव्हरनं वरून वाकून पाहिलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. "नारळ फुटल्याबिगर मी चाक हलवत न्हाई बघा. घाट हाय पुढं." झालं. मुकादम एकदा ड्रायव्हरकडे बघे, एकदा वहिनींच्या हातांकडे. हिसकावून घ्यायची छाती कुणाचीच नव्हती. एवढी मोठी टोळी, एवढा मोठा ट्रक, आणि सगळं एका नारळावर थांबलेलं.

लता रडकुंडीला आली. "वैनी, तिचं रडनं बघितलं की माजा पाय निगायचा न्हाई वो."

"मग नसू दे निगत थोडा येळ," वहिनी म्हणाल्या. "पर तिला सांग. कुठं चाललीस, कवा येशील, तवर कुनापाशी राह्यचं. उभ्यानं सांगू नको. खाली बसून सांग."

इतकी वाक्यं एका दमात वहिनी बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

पिंकी पुडा घेऊन आली. लता मातीत बसली. तिनं सांगितलं. पिंकीनं एकच विचारलं, "कवा येनार?" लतानं बाळूकडे पाहिलं, बाळूनं मुकादमाकडे, मुकादमानं आभाळाकडे. शेवटी लता म्हणाली, "पाडव्याला. गुडी उभी करायला येते."

पिंकीनं पुडा मातीत आपटला आणि जो हंबरडा फोडला, तो अजून माझ्या कानात आहे. तो ऐकून ट्रकमधून आणखी एक बाई उतरली, घराकडे पळाली आणि झोपवून ठेवलेल्या पोराला उठवून घेऊन आली. मग आणखी एक. त्या सकाळी आमच्या वेशीत जेवढी लेकरं रडली तेवढी पूर्वी कधी रडली नसतील. आया रडल्या, बाप तंबाखू मळत उभे राहिले, कोंबड्यासुद्धा ओरडायला लागल्या.

मुकादम कावला. "अध्यक्षीनबाई, सगळं गाव रडाया लावलं तुमी! दरसाली कसं गुपचूप व्हायचं."

वहिनी म्हणाल्या, "सांगून गेल्यावर लेकरू रडतं आन् झोपतं. न सांगता गेल्यावर त्ये रडतच न्हाई मुकादम. नुस्तं बघत बसतं. मोठं झालं तरी."

आणि नारळ आपटला. पहिल्या फटक्याला फुटला नाही, उडून माझ्या नडगीवर आला. वहिनींनी शांतपणे तो उचलला, दुसऱ्या फटक्याला दोन स्वच्छ शकलं झाली. ट्रक निघाला. लेकरं धुळीत मागं पळाली आणि थकून परत आली.

वहिनींनी पिंकीला उचलून घेतलं नाही. त्यांना ते येतच नव्हतं. कडेवर घेऊन समजूत काढणं ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती माणूस ज्या वयात शिकतो त्या वयात त्यांना कुणी घेतलं नव्हतं. त्या देवळाच्या पायरीवर तिच्या शेजारी बसल्या. एसटीची वाट बघणाऱ्या दोन बाया बसतात तशा. "रड," त्या म्हणाल्या. "मी हितंच हाय. डेअरीला जायचं झालं की तुला सांगून जाईन."

त्या दुपारी आईनं त्यांना विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "काहून गं सुमन, यवढी कापत हुतीस?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. ताटावरची नजर न काढता त्यांनी सांगितलं. त्यांचे आईबाप कोयत्यावर जायचे. पिंकीएवढ्या असताना एक दिवस आईनं त्यांना गूळ आणायला पाठवलं. परत आल्या तर ट्रक गेलेला, दाराला कडी. आजीला ऐकू कमी यायचं. तिनं भाकरी दिली. "मारलं न्हाई कुनी. उपाशीबी ठिवलं न्हाई. पर कुनी काय इचारलंबी न्हाई. मी गूळ हातात धरूनच बसले. कुनाला द्यावा कळंना." मग म्हणाल्या, "उन्हाळ्यात आई आली. मी तिला पावन्याला देत्यात तसं तांब्याभर पानी नेऊन दिलं आन् बाजूला हुबी राह्यले. आई म्हनली, कित्ती शानी झाली माजी पोर."

डोळे पुसणं वगैरे आमच्या आईच्या स्वभावात नव्हतं. ती उठून बाहेर गेली. आणि दुसऱ्या दिवशी मळ्याकडे निघताना, जिनं सासऱ्यालासुद्धा कधी हिशोब दिला नाही ती माझी आई, दारातून आत वळून म्हणाली, "सुमन, मी मळ्यात चाललेय गं. दिवे लागायच्या आत येते." मरेपर्यंत तिनं हा नेम चुकवला नाही.

पुढं आम्हा मास्तर लोकांना लेकरांच्या मनावर एक प्रशिक्षण झालं. मी चहाच्या आशेनं गेलो होतो. तिथल्या बाई सांगत होत्या, की लेकराला मारल्याचा वळ दिसतो, पण जे द्यायचं राहून गेलं त्याचा वळ उठत नाही. पोटभर जेवूनही लेकरू एकटं राहू शकतं. अशी लेकरं शहाणी दिसतात, काही मागत नाहीत, काही सांगत नाहीत, आणि मोठेपणी एखादा आवाज, एखादा साधा शब्द कानावर पडला की डोक्याला कळायच्या आत अंग त्याच जुन्या जागी जाऊन उभं राहतं. बाकीचे लिहून घेत होते. मला गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीला टेकलेल्या वहिनी दिसत होत्या. चहा गार झाला.

पण वहिनी पुढं जे करत होत्या ते मला त्या प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नाही. त्या बऱ्या झाल्या, असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षीही हॉर्न वाजल्यावर त्यांचे हात गार पडले. पण त्या गार हातांनी त्या वेशीत गेल्या, आणि दर वर्षी जात राहिल्या. त्यांना जे कधी मिळालंच नव्हतं, ते कसं द्यायचं, हे त्या अंदाजानं, चाचपडत शोधून काढायच्या. पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळचं दूध झालं की डेअरीपुढं लेकरं जमायची आणि वहिनी मोबाईलवरून एकेकाला आईशी बोलायला द्यायच्या. फोन लागला नाही तर लागला नाही असं सांगायच्या. "आई झोपली आसंल" असलं गोड खोटं नाही. पिंकीला रोज विचारायच्या, "आज राग आलाय का रडू?" प्रश्न इतका अवघडून विचारायच्या की परीक्षा पिंकीची नसून वहिनींचीच वाटायची. पिंकी खुशाल सांगायची, "आज राग." मग दोघी रिकाम्या कॅनवर काठीनं बडवायच्या. दूध कमी, आवाज फार. एकदा मी म्हणालो, "वहिनी, संस्थेची मालमत्ता हाय ती." त्या म्हणाल्या, "अध्यक्ष मी हाय भावजी."

त्या पहिल्या वर्षीचा पाडवा आला. गुढ्या उभ्या राहिल्या, उतरल्या. ट्रक आला नाही. कारखान्याचा ऊस अजून संपला नव्हता. पिंकीची बडबड बंद झाली. राग आला का रडू, यावर ती नुसती मान हलवायला लागली. वहिनींचं जेवण तुटलं. दादांनी कारण विचारलं, तर चक्क सांगितलं, "पोरगी गप झालीय. मला भ्या वाटतंय." वहिनींना भीती वाटते, हे त्यांच्याच तोंडून आमच्या घरानं तेव्हा ऐकलं.

मग एका भर दुपारी हॉर्न वाजला. आम्ही वेशीत गेलो. उन्हानं रस्ता पांढरा झालेला, झाडाला पान नाही. ट्रकमधून लता उतरली. काळवंडलेली, हात चिरलेले, डोळे पिंकीला शोधणारे. पिंकी वहिनींच्या शेजारी उभी होती. हलली नाही. लतानं हात पसरले. पिंकी तरी हलली नाही. वहिनींनी माझ्या बाहीला धरलं, आणि ती पकड इतकी घट्ट होती की माझा नवा सदरा शिवणीत उसवला.

आणि पिंकी सुटली. धावत गेली ती आईच्या पोटात दोन्ही मुठींनी बुक्क्या मारायला. "काहून उशीर केलास? गुडी उतरवली की आमी! पाडव्याला म्हनली हुतीस तू! खोटारडी! मी बोलनार न्हाई, जा!" आणि बोलतच राहिली. लता रडत होती, हसत होती, मार खात होती. "चुकलं माय, चुकलं."

मुकादम पुढं झाला. "ए पोरी, आईला मारत्यात व्हय?"

वहिनी गेल्याला आता बरीच वर्षं झाली. डोळ्यांपुढं येतात त्या त्याच दुपारच्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, चेहऱ्यावर घाम, आणि गावानं कधी न ऐकलेलं मोकळं हसू. दुसऱ्याच्या लेकीचं भांडण त्या डोळे भरून बघत होत्या, आणि सोडवायला निघालेल्या मुकादमापुढं त्यांनी हात आडवा धरला होता.

"थांबा वो," वहिनी म्हणत होत्या, "भांडू द्या तिला. पोटभर भांडू द्या."